पांढरी दोन

"ताई, पेटी सुखरूप पोचली. आवाज गोड आहे. पण एक सूर बोलत नाही. सवडीने फोन करावा."

मेसेज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आला. मी ओट्यापाशी होते, दुधावर नजर ठेवून. मेसेज वाचला आणि फोन पालथा घालून ठेवला. जणू फोन पालथा घातला की चिपळूणजवळच्या त्या गावातली पेटी गप्प बसणार होती. मग पुन्हा उचलला, पुन्हा वाचला. "आवाज गोड आहे" हे आधी लिहिलं होतं त्यांनी. त्यानेच जास्त लागलं. माणूस तावातावाने भांडायला आला तर आपणही पदर खोचतो; आधी चांगलं बोलून मग हळूच तक्रार सांगणाऱ्यापुढे काय करायचं ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

पेटी आईची. सव्वातीन सप्तकांची, एकोणचाळीस पट्ट्यांची. बाबांनी फरकाची रक्कम मिळाल्यावर घेतली तेव्हा मी चौथीत होते. दर गुरुवारी आईचं भजनी मंडळ आमच्या धनकवडीच्या घरात बसायचं. सतरंजी, टाळ, आठ-नऊ बायका आणि मधोमध ही पेटी. पुढे मंडळातल्या दोघी मुलांकडे परगावी गेल्या, एक देवाघरी गेली, करोनात गुरुवार बंद पडले ते पडलेच. आईचा डावा खांदा धरला. भाता ओढवेना. वर्षभर पेटी दिवाणाखाली होती, मग एके दिवशी आईच म्हणाली, "विकून टाक गं. पडून राहिली की सूर बसतात. कुणीतरी वाजवेल."

मी लगेच कामाला लागले. पेटी बाल्कनीतल्या उजेडात आणली, पुसली, लाकडाला खोबरेलाचं बोट फिरवलं. पट्ट्यांवर आईने दोन टिकल्या चिकटवल्या होत्या, एक लाल, एक काळी. त्या नखाने काढल्या, कारण फोटोत गबाळ्या दिसत होत्या. सहा फोटो काढले आणि जाहिरात लिहिली: "हार्मोनियम, उत्तम स्थितीत, एकाच घरात वापरलेली, सर्व सूर सुरेल." दहा मिनिटांत काम झालं. जुन्या गाड्यांच्या जाहिरातीत "डॉक्टरांनी वापरलेली" असं लिहितात ना, त्याच धर्तीवर "फक्त भजनासाठी वापरलेली" असंही लिहिणार होते. नवऱ्याने हसून दाखवलं म्हणून खोडलं.

मग नेहमीचं सुरू झालं. "लास्ट प्राइस?" "अजून आहे का?" आणि उत्तर दिल्यावर कायमची शांतता. एकाने सांगितलं की तो लष्करात आहे, बदली झालीय, मुलीसाठी पेटी हवीय, न बघता पूर्ण पैसे देतो, फक्त मी त्याने पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाकायचा. हा जवान आता सगळ्यांच्याच ओळखीचा झालाय. फ्रिज विका, पलंग विका, त्याची बदली झालेलीच असते. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन फक्त द्यायला लागतो, एवढं लक्षात ठेवलं की त्याच्यापासून सुटका होते.

या गर्दीत गुरुजींचा मेसेज वेगळा उठून दिसला. पूर्ण वाक्यं, जागच्या जागी पूर्णविराम. निवृत्त शिक्षक, गावच्या भजनी मंडळाचे पेटीवाले, मंडळाची जुनी पेटी वाळवीने खाल्लेली. गणपतीच्या आधी हवी होती. नऊ हजारांत ठरलं. नवी घ्यायची तर जवळजवळ दुप्पट पडली असती. त्यांना स्वतःला यायला जमत नव्हतं, हिंजवडीत नोकरी करणारा पुतण्या येऊन नेणार होता. त्यांनी एवढंच विचारलं: "सर्व सूर बोलतात ना?" मी वर केलेला अंगठा पाठवला. सोबत एक व्हिडिओ, माझ्या हातचा, काळी चारमधला, म्हणजे चौथी काळी पट्टी सा धरून वाजवलेला, भूप रागाचा आरोह-अवरोह आणि आईच्या एका अभंगाची चाल.

पुतण्याला पेटीतलं काही कळत नव्हतं, हे त्याने आल्याआल्या सांगून टाकलं. दोन-चार पट्ट्या दाबल्या, "वाजतेय," म्हणाला, दोन गोधड्यांत पेटी गुंडाळली, वरून प्लास्टिक, आणि भर आषाढात ताम्हिणीतून घेऊन गेला.

आणि आता एक सूर बोलत नव्हता.

त्या दिवशी दुपारपर्यंत मी चार उत्तरं लिहिली आणि चारही खोडली. पहिलं: "आमच्याकडे असताना पेटी व्यवस्थित होती." दुसरं: "प्रवासात काही झालं असेल का?" तिसरं तर वकिली थाटाचं होतं: "आपल्या पुतण्यांनी वाजवून, खात्री करून पेटी नेली होती." चौथ्यात मी चक्क हवामानाला जबाबदार धरलं. वाचणाऱ्याला हसू येईल, पण खोडलेल्या या उत्तरांत खोटं एकही नव्हतं. आमच्याकडे व्यवस्थितच होती. प्रवास झालाच होता. पुतण्याने पट्ट्या दाबल्याच होत्या. कोकणातला आषाढ दमट असतो हे तर शाळेतलं पोरही सांगेल.

नवरा जेवताना म्हणाला, "दारावर बोर्ड लाव, एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही." पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे वाक्य बालपणापासून पाठ असतं. ते दुकानदाराच्या तोंडी ऐकताना राग येतो आणि आपण विकायला बसलो की तेच कसं शहाणपणाचं वाटायला लागतं, ते मी त्या जेवणात अनुभवलं.

संध्याकाळी मावसभावाला फोन केला. दादा वकील आहे. फुकट सल्ला देतो, पण रमतगमत. म्हणाला, "घोड्याची गोष्ट माहितीय का तुला?" मला वाटलं आता इसापनीती. पण ती भारतीय करार कायद्यातली निघाली, १८७२ सालच्या. कलम १७, फसवणूक कशाला म्हणायचं. तिथे खाली उदाहरणं दिलीयत. एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. नुसतं गप्प बसणं गुन्हा नाही. पण घेणारी त्याची स्वतःची, नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल तर? तर नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य ठरतं. आणि तिसरं: घेणारा म्हणतो, "तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निरोगी आहे असं धरून चालतो." विकणारा गप्प. इथे मात्र ते गप्प बसणं बोलण्यासारखंच.

"गुरुजींनी विचारलं होतं का तुला काही?" दादाने विचारलं.

"विचारलं होतं. सर्व सूर बोलतात ना, म्हणून."

"मग? गप्प बसलीस?"

"अंगठा पाठवला."

पलीकडे दादा खूष झाला. वकिलांना आपल्या नातेवाइकांच्या चुकांत भारी रस असतो. म्हणाला, कॅनडात सस्कॅचवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवसाच्या कराराच्या फोटोवर असाच नुसता अंगठा पाठवला होता. पुढे माल दिला नाही. २०२३ साली कोर्टाने तो अंगठा म्हणजे सही धरली आणि ऐंशी हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. "तुझे नऊ हजार रुपयेच आहेत. घाबरू नकोस," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

घोडा डोक्यातून जाईना. माझे आजोबा बैलांचे शौकीन होते. बाजारातून बैल आणताना दात मोजायचे, आदत आहे की दुसा की चौसा, ते बघायचे. पाठीवर हात फिरवायचे, चालवून बघायचे. पण म्हणायचे, एवढं सगळं बघूनही खोड दिसत नाही. बैल मारका आहे, नांगराला जुंपला की मध्येच बसतो, पाण्याला बुजतो, हे अंगावर लिहिलेलं नसतं. ते धन्यालाच ठाऊक. आणि धनी लबाडच असतो असं नाही. दहा वर्षं त्या बैलाच्या डाव्या अंगाने कुणी जातच नाही घरात, लहान पोरंही वळसा घालून जातात. कुणी विचारलं तर धनी मनापासून सांगेल, "गरीब आहे हो, कुणाला शिंग लावत नाही."

मी उठून आईच्या खोलीत गेले.

"आई, पेटीचा एखादा सूर बिघडलेला होता का गं?"

आई टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "पांढरी दोन ना? मधल्या सप्तकातली. उशिरा बोलायची ती. आणि बोलली की जरा झणझण करायची."

"कधीपासून?"

"बाबा होते तेव्हापासून. पेटीवाल्याला दाखवली होती, तो म्हणाला सूर काढून नीट करायला लागेल, पेटी आठवडाभर ठेवून जा. गुरुवार चुकला असता. मग राहिलंच." मग जरा थांबून, "टिकली होती की तिच्यावर. काळी. लाल टिकली म्हणजे सा, काळी टिकली म्हणजे इथे जपून."

या नखाने मी ती टिकली काढली होती.

ज्यांना पेटीचा गंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण गोष्टीचा जीव इथेच आहे. पेटीवर कुठल्याही पट्टीला सा मानून गाता येतं. ज्याचा जसा गळा तसा त्याचा सा. आमच्या बायकांचा सा होता काळी चार. काळी चारात गायला बसलं की पांढरी दोन, म्हणजे दुसरी पांढरी पट्टी, होते तीव्र मध्यम, चढा म. भजनाच्या साध्या चालींत तीव्र मध्यम लागतो कितीदा? भूपात तर मध्यमच नाही, ना शुद्ध ना तीव्र. मी व्हिडिओत भूप वाजवला होता तो लहानपणी पहिला शिकले म्हणून, की माझ्या बोटांनाही काळ्या टिकलीला वळसा घालायची सवय होती म्हणून? नवऱ्याला मी ठामपणे "शिकले म्हणून" असं सांगितलं.

आणखी एक गोष्ट तेव्हा उलगडली. यमन रागातला अभंग आला की आई एकदम अर्धा सूर वर चढायची, पांढरी सहात. बायका कुरकुर करायच्या, वर गाताना धापा टाकायच्या. मी समजत होते आईची लहर. लहर कसली? यमनात तीव्र मध्यम हमखास लागतो. काळी चारात तो येतो पांढरी दोनवर. सा पांढरी सहावर नेला की तोच मध्यम काळी दोनवर जातो आणि पांढरी दोनला बोट लावावंच लागत नाही. एका आजारी पट्टीला सांभाळायला आठ-नऊ बायका तीसेक वर्षं घसा ताणत होत्या आणि त्यांना ते माहीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन लावला. स्पीकरवर, आईला शेजारी बसवून.

"गुरुजी, पांढरी दोन का?"

पलीकडे क्षणभर शांतता. "मी कुठली पट्टी ते लिहिलं नव्हतं, ताई."

तिथेच माझी बाजू संपली. पण गंमत म्हणजे बोलणं तिथून सोपं झालं. मी आईने सांगितलेलं सगळं सांगितलं, टिकलीसकट. ते म्हणाले, "अस्सं! तरीच त्या पट्टीवर गोल डाग आहे, चिकट. बोट ठेवलं की कळतं." नखाने मी साफ केलेली जागा. मग त्यांनी हलकेच विचारलं, "आपल्याकडे सा कुठला धरायचे?"

"काळी चार," आई म्हणाली. "तुमचा?"

"आमचा सगळ्यांचा पांढरी दोन, माई."

आमच्या घरात जो सूर वर्षातून चारदा लागला असता आणि तोही आई टाळायची, तो त्यांच्या घरात षड्ज, म्हणजे सा, होता. प्रत्येक भजन तिथून निघणार, तिथे येऊन टेकणार. "आमच्याकडे असताना व्यवस्थित होती" हे माझं खोडलेलं पहिलं वाक्य अक्षरशः खरं होतं, आणि त्याचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता.

ते पुढे म्हणाले, "आम्ही सा खाली काळी एकवर घेऊन बघितला. म्हातारी मंडळी खूष झाली, घसा ताणत नाही म्हणून. सगळं भजन छान झालं. शेवटी भैरवी घेतली आणि कोमल रिषभ म्हणजे पुन्हा तीच पांढरी दोन." आई खो खो हसली. तिला खांदा दुखायला लागल्यापासून एवढं हसताना पाहिलं नव्हतं.

मग त्या दोघांनी माझ्या डोक्यावरून तपासणी सुरू केली. आईने विचारलं, भाता धरतो का? गुरुजी म्हणाले, पूर्ण भरून, पट्टी न दाबता सोडून बघितला, सावकाश बसतो, गळती नाही. तेही बघून ठेवलं होतं त्यांनी. तक्रार वाढवायची असती तर कुठे कमी होत्या जागा? आणखी एक पट्टी दाबली की खालीच राहते, सूर बोलतच राहतो, असं त्यांनी सांगितलं. ती आमच्याकडे तशी नव्हती, आईने स्वच्छ सांगितलं. हवा लागून लाकूड फुगलं असेल, शेजारच्या पट्टीला घासत असेल. "हो, तसंच असणार," गुरुजी म्हणाले, "रात्रभर जवळ बल्ब लावून ठेवतो. ती तक्रार मी पावसाकडे करतो. ही एकच तुमच्याकडे."

अशी वाटणी मी आजवर कुणा गिऱ्हाइकाला करताना पाहिली नाही. मी स्वतः दुकानात तक्रार घेऊन जाते तेव्हा जमतील तेवढ्या गोष्टी एका दमात सांगते, त्यातली निम्मी तरी चिकटेल म्हणून.

मध्येच त्यांनी एक वाक्य टाकलं, "तशी या वाद्याविरुद्ध तक्रार करणारा मी काही पहिला नाही, माई." आईला लगेच कळलं. रेडिओची बंदी. १९४० सालापासून जवळजवळ तीस वर्षं पेटीला आकाशवाणीवर मज्जाव होता. परदेशातून आलेलं वाद्य, सूर ठोकून बसवलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दोन सुरांमधल्या बारीक श्रुती सापडत नाहीत, असे आक्षेप होते. तक्रार चुकीची होती असंही नाही. मींड पेटीवर नाहीच निघत. आणि तरी त्याच काळात गोविंदराव पटवर्धनांसारखी, अप्पा जळगावकरांसारखी माणसं त्या ठोकून बसवलेल्या सुरांतून गाणं काढत होती. मी मध्ये पडून विषय पैशांवर आणला नसता तर दोघं दुपारपर्यंत अप्पांवर बोलत राहिले असते.

रात्रीच मी मनाशी ठरवून ठेवलं होतं: पेटी परत घ्यायची तर पुन्हा घाट, पुन्हा पाऊस, त्यात आणखी दोन सूर जायचे, त्यापेक्षा दुरुस्तीचा खर्च द्यायचा. मी म्हटलं, "गुरुजी, बाराशे रुपये पाठवते. जास्त लागले तर सांगा."

ते गप्प झाले. मग म्हणाले, "ताई, पैशांचं बघू. मला दुसरं काहीतरी हवंय."

गोष्ट अशी होती की पेटी त्यांची नव्हतीच, मंडळाची होती. नऊ हजार वर्गणीचे, अकरा जणांच्या खिशातून आलेले. पेटी उघडली त्या रात्री सगळे जमले होते. गुरुजींनी नारळ वाढवला, पांढरी दोनवर बोट ठेवलं आणि काहीच आलं नाही. मग अर्ध्या क्षणाने झणझणत आलं. कुणीतरी म्हणालं, पोराने गाडीतून आपटत आणली. पुतण्या बिचारा शनिवार-रविवारची रजा घालवून पेटी घेऊन आलेला. दुसरं कुणी म्हणालं, गुरुजींनी न बघता घेतली, आपले पैसे गेले. "तेव्हा एक करा," ते म्हणाले, "कागदावर दोन ओळी लिहून द्या, की हा सूर आधीपासून असा होता. पोराच्या नावावर नको राहायला."

बाराशे रुपये देणं सोपं होतं. मोठेपणा मिळाला असता वर. पण लिहून द्यायचं म्हणजे "सर्व सूर सुरेल" असं जिने छापलं होतं तिने आता सही करून सांगायचं की ते तसं नव्हतं. आणि तो कागद अकरा अनोळखी माणसं हातात घेऊन वाचणार. नवरा म्हणाला, "लेखी काही देऊ नकोस, दादाला विचार." दादाला विचारलंच नाही. तो पुन्हा घोडा काढून बसला असता.

जाहिरात दहा मिनिटांत लिहिली होती. ही तीन वाक्यं लिहायला रात्रीचे साडेअकरा वाजले. माझ्या मसुद्यात "नकळत", "अनवधानाने", "आमच्या लक्षात आले नाही" असे शब्द पुन्हा पुन्हा यायला लागले. आई ऐकत होती. म्हणाली, "लक्षात नव्हतं कसं? टिकली होती ना." शेवटी तिनेच सांगितलं आणि मी लिहिलं:

"या पेटीतील मधल्या सप्तकातील पांढरी दोन आमच्या घरी असल्यापासून उशिरा बोलते व झणझणते. आम्ही काळी चारात गात असल्याने आम्हाला तिची गरज पडत नसे व विकताना ते सांगायचे राहिले. पेटी नेणाऱ्याचा यात काही दोष नाही."

"शेवटी क्षमस्व लिहू का?" मी विचारलं.

"त्याने काय होणार? सही कर." आणि तिने स्वतःचीही सही केली, थरथरत्या हाताने, पूर्ण नाव लिहून, कारण पेटी तिची होती. कागदाचा फोटो रात्रीच पाठवला, मूळ प्रत सकाळी स्पीड पोस्टाने.

पैशांचा भाग राहिला होता, आणि तो विनोदीच झाला. गुरुजींनी बाराशे घ्यायचं कबूल केलं, पण कसे घ्यायचे? त्यांच्या बँकेत भिंतीवर मोठा फलक आहे, अनोळखी व्यक्तीच्या सांगण्यावरून फोनवर काहीही करू नका. ते माझ्याशी आदराने बोलत होते, आईला माई म्हणत होते, तरी त्या बाबतीत मी अनोळखीच. "मला पिन टाकावा लागणार नाही ना?" त्यांनी तीनदा विचारलं. मी तीनदा सांगितलं, घ्यायला लागत नाही. शेवटी म्हटलं, आधी एक रुपया पाठवते. पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "एक रुपया प्राप्त. धन्यवाद." मग अकराशे नव्व्याण्णव. मी त्या जवानावर संशय घेतला होता तसाच त्यांनी माझ्यावर घेतला, आणि दोघांचंही बरोबरच होतं.

गणपतीच्या आठ दिवस आधी कारागीर येऊन गेला. पट्ट्यांची फळी वर काढून त्याने तो सूर बाहेर घेतला. सूर म्हणजे पेटीच्या आतला पितळेचा बोटभर तुकडा, त्याची जीभ जरा जास्त वर उचललेली होती, वारा तिला हलवायच्या आधीच निसटून जात होता. आणि खाली कचऱ्याचा एक कण, तो झणझणीचा धनी. जीभ दाबून बसवली, टोकाशी किंचित खरवडून सूर चढवून घेतला, पाऊण तासात काम झालं. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. हे आईने मला फोनवर ऐकता ऐकता सांगितलं, जणू मी उद्यापासून हाच धंदा करणार होते. खर्च साडेसहाशे. उरलेल्यात पेटीला खोळ शिवून घेतली, हिशोबाचा कागद फोटोसकट आला. पाऊण तासाचं काम. आमच्या घरात ते तीसेक वर्षं राहून गेलं होतं, गुरुवार चुकेल म्हणून.

आरतीनंतर रात्री त्यांच्याकडून आवाजाची एक चिठ्ठी आली. टाळ, पखवाज, पावसाचा पत्र्यावर आवाज, आणि आधी एकटी पेटी, एकाच पट्टीवर लांबवलेला सूर. आईने फोन कानाशी धरला. भजन सुरू झालं तरी ती त्या पहिल्या सुराशीच होती. मागे नेऊन पुन्हा ऐकला.

"आवाज बराच मोकळा आहे गं तिचा," म्हणाली. "वाटलं नव्हतं."

त्यानंतर मी घरात फिरताना बघायला लागले आहे. आमच्या न्हाणीघराची कडी लावताना दार जरा वर उचलावं लागतं; पाहुणे आत अडकतात, आम्ही नाही. मिक्सरचं झाकण डाव्या हाताने दाबून धरलं तरच चालतो. स्कूटरला पहिली किक फुकट द्यावी लागते. यातली एकही गोष्ट मला कुणी विचारली असती तर मी "सगळं नीट चालतं" असंच सांगितलं असतं, शपथेवर.

मागच्या महिन्यात व्यायामाची सायकल विकायला काढली. जाहिरात लिहिली: "सायकल चालू आहे. डावं पायडल जोर दिल्यावर करकरतं. सीट एका बाजूला कलते, आम्हाला सवय झाली आहे. डिस्प्लेवरचे आकडे उन्हात दिसत नाहीत." नवऱ्याने वाचून कपाळावर हात मारला. तीन आठवडे एकही विचारणा नाही, लष्करातला जवानही फिरकला नाही.

परवा एक मेसेज आला. "मॅडम, करकर किती?"

मी सायकलवर बसले, फोन पायडलपाशी धरला आणि डावा पाय जोरात दाबला.